हर्ब अल्पर्टची डॉक्युमेंट्री आणि आमच्या गल्लीतले ट्रम्पेटवाले मामा

अमेरिकन ट्रम्पेटवाला हर्ब अल्पर्ट, त्याच्यावरची 'हर्ब अल्पर्ट इज...' बघितली एकदाची. जॉन शाइनफेल्डनं केलेली, २०२० ची डॉक्युमेंट्री. नाव नवीन वाटलं तरी रॅपर बिगीचं 'हिप्नोटाइझ' गाणं ऐकलंय ना, त्याच्या खाली जे वाजत राहतं ते ह्याच माणसाच्या १९७९ च्या 'राइज'मधून उचललेलं.

गोष्ट भारी आहे. मेक्सिकोतल्या तिहुआनाला बैलांची झुंज बघून आला, आणि १९६२ ला घरच्या गॅरेजमध्ये 'द लोनली बुल' तयार केलं, स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या ट्रम्पेटवर परत स्वतः वाजवून, म्हणून तो आवाज दोन माणसं वाजवत असल्यासारखा येतो. जेरी मॉसबरोबर शंभर-शंभर डॉलर टाकून ए अँड एम रेकॉर्ड्स काढली, १९६६ ला ह्याचे पाच अल्बम एकदम टॉप वीसमध्ये, आणि १९८९ ला कंपनी विकली ती सुमारे ५० कोटी डॉलरला. स्टिंग, क्वेस्टलव्ह वगैरे संगीतवाले येऊन गोड बोलून जातात. जरा जास्तच गोड, मध्ये मी चहा करून आलो.

पण साठच्या दशकाच्या शेवटी गाडी अडते तिथं मी नीट बसलो. बँड जोरात, लग्न मोडतंय आणि ट्रम्पेट वाजेना. फुंकायला गेलं की सूर अडखळायला लागला. बँड बंद केला त्यानं. शेवटी न्यूयॉर्कला कार्माइन करुसो नावाच्या मास्तरकडं गेला, आणि गंमत म्हणजे हे मास्तर स्वतः ट्रम्पेटवाले नव्हतेच, सॅक्सोफोन आणि व्हायोलिनवाले! चित्रं काढायला लागला तेही साधारण त्याच काळात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, आणि पुढं तर रंगाच्या जागी चक्क कॉफी वापरून. मग शिल्पं, आधी माती, मग ब्राँझ. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आदिवासींचे कोरीव लाकडी टोटेम खांब बघून केलेले काळेभोर उंच 'स्पिरिट टोटेम्स', खाली माणूस उभा राहिला की एवढासा दिसतो.

चित्रं मला ठीकठाक वाटली, खरं सांगायचं तर. टोटेम मात्र आवडले, त्यात ट्रम्पेटची लांब ओढ दिसते.

आणि सारखं वाटत होतं, हे सगळं करायला हातात वेळ आणि पैसा होता ओ त्याच्या. आमच्या बेळगावच्या अनगोळात एक मामा आहेत, लग्नसराईत बँड पार्टीत ट्रम्पेट, आणि पावसाळा लागला की गणपतीच्या कारखान्यात, डोळ्यांची आखणी त्यांच्याशिवाय कुणाला देत नाहीत. संगीत पण आणि शिल्प पण. पण त्यांना कुणी बहुआयामी कलाकार म्हणत नाही, 'सीझनप्रमाणं काम करतात' म्हणतात. कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे म्हणून आम्ही छाती फुगवतो, पण वरातीपुढं घामाघूम होऊन वाजवणाऱ्याला पाणी विचारायचं सुचत नाही कुणाला.

मामांना मोबाईलवर तो ट्रम्पेट वाजेना झाल्याचा भाग दाखवला, इंग्लिश जमेल तसं सांगत. लगेच कळलं त्यांना. "व्हय, असं हुतंय. ओठ ऐकत न्हाई मग. मला बी दोन सीझन झांज धरायला लागलीती." आणि वर, "मास्तर बरा गावला की त्येला. आमाला कोन शिकवतंय?"

टोटेम बघून त्यांचा एकच प्रश्न, आत पोकळ हाय काय भरीव? ब्राँझ पोकळच ओततात म्हटलं. "मग ठीक हाय. न्हाईतर उचलनार कोन ते."

'लोनली बुल' मात्र तीनदा लावायला लावलं. तिसऱ्या वेळी बोटं मांडीवर चालू. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठीव म्हणाले, नवरी मांडवातनं निघताना वाजवायला बरं हाय. बैलाच्या झुंजीचं आहे म्हटलं, तर म्हणाले चालतंय की, नवऱ्याला कुठं कळनार हाय.