अस्वलांच्या मुलखात: खिशाला परवडणारं १० एमएम पिस्तूल निवडताना

माझं काम ओढ्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याचं. मॉन्टाना राज्यातल्या बोझमनच्या आसपास, गॅलाटिन आणि ॲब्सरोका डोंगररांगांत, विलोच्या दाट झुडपांतून वाट काढत जावं लागतं. पाण्याच्या खळखळाटात आपली चाहूल अस्वलाला लागत नाही आणि त्याची आपल्याला. इथे ग्रिझ्ली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, आहेत. बेअर स्प्रे, म्हणजे मिरचीच्या अर्काचा जोरदार फवारा, हे माझं पहिलं साधन आणि आजही तेच आहे. त्याला अचूक नेम लागत नाही आणि अस्वलही जिवंत राहतं. पण समोरून सोसाट्याचा वारा असला की फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. अशा दिवसांसाठी दुसरं साधन जवळ असावं असं मला वाटू लागलं, आणि बरोबरचे बरेच जण छातीवर पिस्तूल बांधूनच येत.

ग्रीन कार्ड येईपर्यंत हा विषय मी बाजूलाच ठेवला होता. एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने साधारणपणे बंदूक घेता येत नाही, नुसती जवळही ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे. नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण इथे दुकानात बंदुका मांडलेल्या दिसतात आणि कुणीही घेऊ शकतं असा समज होतो.

फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "पिस्तूल? तुला गं कशाला?" आमच्या सांगलीकडे बंदुकीचा परवाना म्हणजे पोलिसांचा अहवाल, कागदपत्रं आणि वाट पाहणं. त्यात ९ एमएम कॅलिबरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं, पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, बहुतेक जण .३२ इंचावर थांबतात. अस्वलाचं कारण सांगितल्यावर ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "नीट शिकून घे हं आधी." तसंच केलं. आधी सुरक्षिततेचा वर्ग, मग दुकान.

कॅलिबर ठरवणं सोपं गेलं. ९ एमएमच्या साध्या गोळीची ऊर्जा साधारण ४७० ज्यूल. .४५ एसीपीची गोळी जाड आणि वजनदार, पण संथ, त्यामुळे ती पाचशेच्या आसपासच राहते. १० एमएमची पूर्ण ताकदीची २०० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळपास १३ ग्रॅम, सेकंदाला १२०० फुटांच्या वेगाने निघाली की ८६० ज्यूलपर्यंत जाते. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर याहून ताकदवान आहे, पण त्यात सहा गोळ्या आणि धक्का असा की दुसरी गोळी नेमावर यायला माझ्या मनगटाला फार वेळ लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये राहायचं तर १० एमएम, हे पक्कं झालं.

खरा गुंता काडतुसांचा आहे, आणि त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. हे काडतूस १९८३ मध्ये ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलाबरोबर आलं. ते पिस्तूल काढणारी कंपनी लवकरच बुडाली, पण १९८७ मध्ये कोल्टने डेल्टा एलिट काढलं आणि काडतूस तगलं. १९८६च्या एप्रिलमध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने जास्त ताकदीच्या काडतुसाचा शोध सुरू केला आणि १० एमएमकडे वळली. मात्र धक्का कमी हवा म्हणून त्यांनी त्यातली दारू उतरवली. तेवढीच ताकद आखूड काडतुसातही बसते हे लक्षात आलं आणि १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जन्माला आलं. याचा परिणाम आजही दुकानाच्या फळीवर दिसतो. १० एमएम लिहिलेले कितीतरी स्वस्त डबे प्रत्यक्षात .४०च्याच ताकदीचे असतात. म्हणून डब्यावरचं कॅलिबर वाचून थांबायचं नाही, गोळीचं वजन आणि वेग दोन्ही बघायचे. १८० ग्रेन आणि वेग हजाराच्या आसपास असेल तर तो सरावाचा माल. डोंगरात जाताना २०० किंवा २२० ग्रेनची, बाराशेच्या वेगाची, कठीण शिशाची सपाट टोकाची गोळी हवी. पोकळ टोकाची गोळी आत शिरताच फुलते आणि लवकर थांबते. अस्वलाची जाड चरबी, स्नायू आणि हाडं भेदून जायचं तर न फुलणारी गोळीच लागते.

आता पिस्तूल. माझं बजेट होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि सुरुवातीची काडतुसं धरून हजार डॉलर. त्यामुळे डेल्टा एलिट आणि सिगचं एक्सटेन पहिल्याच फेरीत बाद झाले. उरले त्यातले बहुतेक सहाशेच्या आगेमागे होते. टॉरसचं टीएच१० आणखी स्वस्त होतं, पण त्याच्या चापाची पहिली ओढ मला लांब आणि जड वाटली.

फिलिपिन्समध्ये बनणारं रॉक आयलंड कंपनीचं ‘१९११’ घडणीचं पिस्तूल हातात घेतल्याबरोबर आवडलं. मूठ सडपातळ, चाप सरळ मागे येणारा आणि छोटा. पोलादी वजनामुळे धक्काही सौम्य. मात्र तेच वजन दिवसभर छातीवर वागवायचं होतं, आणि मॅगझिनमध्ये आठच गोळ्या. शिवाय ते घोडा चढवून, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावून बाळगायचं पिस्तूल. ऑक्टोबरात ओढ्याच्या पाण्यात हात घातल्यावर माझा अंगठा बधिर होतो. त्या अंगठ्याने सेफ्टी उतरेलच याची मला खात्री नव्हती.

ग्लॉक २० हे या कॅलिबरचं सगळ्यात मुरलेलं नाव. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणासाठी हेच बाळगतं. पंधरा गोळ्या, वजन कमी, आणि चौथ्या पिढीचं वापरलेलं ग्लॉक मला साडेचारशेत मिळत होतं. स्वस्तात ताकद, असं बघितलं तर इथेच थांबायला हवं होतं. पण नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवल्यावर दोन गोष्टी कळल्या. माझा हात लहान आहे. बोटाचं पेर चापावर नीट पोचवायचं तर मूठ हातात किंचित फिरवून धरावी लागे, आणि मग धक्का मनगटाच्या सरळ रेषेत न येता अंगठ्याच्या सांध्यावर येई. पूर्ण ताकदीची एक मॅगझिन संपली की सांधा ठणकायचा आणि गोळ्या डावीकडे सरकायच्या. दुसरी गोष्ट नळीची. जुन्या पिढ्यांच्या ग्लॉकच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे पीळ, बहुकोनी असतात, आणि उघड्या शिशाची गोळी त्यात वापरू नये असं कंपनीच सांगते. म्हणजे मला हवी ती काडतुसं वापरायला वेगळी नळी विकत घ्यायची, किंवा आवरण असलेल्या महाग गोळ्या. साडेचारशेचं पिस्तूल मग साडेचारशेचं राहत नाही.

शेवटी घेतलं स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी १० एमएम, चार इंची नळीचं. २०२१च्या अखेरीस आलेलं हे मॉडेल. गोळ्या ग्लॉकइतक्याच, किंमत सहाशेच्या थोडी वर, नळीतले आटे नेहमीच्या पद्धतीचे. पण माझा निर्णय झाला तो मुठीच्या मागच्या भागामुळे. वेगवेगळ्या मापांचे चार तुकडे डब्यात येतात. सगळ्यात लहान बसवला आणि बोट आपसूक चापावर आलं, मनगट नळीच्या रेषेत. तीच गोळी, तोच दणका, पण या वेळी तो थेट कोपरापर्यंत गेला आणि अंगठा शाबूत राहिला. दुकानातली माणसं कॅलिबरवर तासभर बोलतील, मुठीवर क्वचित. माझ्यासारख्या लहान हाताच्या बाईने तर मूठ आधी बघावी.

खरेदीची प्रक्रिया त्यामानाने लवकर उरकली. बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, फॉर्म ४४७३, स्वतः भरायचा असतो. पिस्तूल स्वतःसाठीच घेत आहात का, गुन्हा, घरगुती हिंसाचार, व्यसन, असे प्रश्न. मॉन्टानात गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्याने नाही, हे फॉर्मवर ठळक लिहिलेलं असतं. ग्रीन कार्डवाल्यांना स्वतःचा इमिग्रेशन क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे कार्ड बरोबर न्यावं. दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडे माझी माहिती पाठवली आणि मी इअरमफ बघत असतानाच होकार आला.

छातीवरचा होल्स्टर घेतला, कारण पाठपिशवीचा कमरपट्टा कमरेवरचं पिस्तूल झाकून टाकतो. मग निवडलेली डोंगरातली काडतुसं प्रत्येक मॅगझिनमधून चालवून पाहिली. हे न करता पिस्तूल डोंगरात नेणं मला मान्य नाही. एका कंपनीच्या २२० ग्रेनच्या गोळीचं सपाट टोक नळीच्या तोंडाशी अडलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) अर्ध्यावर थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तो डबा सरावाला ठेवला आणि २०० ग्रेनची दुसरी गोळी घेतली. ती अजून एकदाही अडलेली नाही. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे एकाच ठिकाणी पडत होत्या, म्हणजे स्लाइड पूर्ण मागे जात होती.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर सरावाची १० एमएम गोळी साधारण ५० ते ६० सेंटला पडते, ९ एमएमच्या दुप्पट. डोंगरातली एकेक गोळी डॉलरच्या वर. त्यामुळे दर महिन्याला एक डबा साधा आणि त्याच्या शेवटी एक मॅगझिन पूर्ण ताकदीची, असा नेम मी ठेवला आहे. वर्षभरात पिस्तुलाच्या किमतीइतकी काडतुसं जातात, आणि ती रक्कम बजेटमध्ये पहिल्यापासून धरायची असते. दोनशे डॉलर वाचवून घेतलेलं पिस्तूल सरावाअभावी कपाटात राहिलं तर ते महागच.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानात राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवता येते, २०१० पासून, पण झाडता येत नाही. आणि इथल्या ग्रिझ्लीला १९७५ मध्ये केंद्रीय संरक्षण मिळालं, मधला थोडा काळ सोडला तर ते कायम आहे. स्वसंरक्षणात गोळी चालवावी लागलीच तर लगेच कळवावं लागतं, चौकशी होते. म्हणून स्प्रे उजव्या हाताशी, सहज निघेल असा कमरेला, आणि पिस्तूल त्याच्यानंतर. कामाला निघताना मी दोन्ही काढायचा सराव कोरड्या हाताने आणि हातमोजे घालून, दोन्ही तऱ्हेने करते. सराव निकामी स्प्रेच्या डब्याने आणि रिकाम्या पिस्तुलाने.