बामणोलीच्या काठावर

साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरलो तेव्हा मे सरत आला होता. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी खूप खाली गेलेलं. लाँचपर्यंत जायला तांबड्या मातीचा लांब उतार होता आणि त्यावर पायऱ्याच पायऱ्या. वीतभर उंचीच्या, पाण्याला समांतर, पार पलीकडच्या वळणापर्यंत गेलेल्या.

"पाणी जिथं थांबतं तिथं लाट माती खाते," लाँचवाले काका म्हणाले. "पाणी उतरलं की खाली दुसरी पायरी."

मी तिथंच बसलो. वारा सुटला होता. लाटा जेमतेम चार बोटं उंच, पण घाईच्या. बघता बघता एका पायरीची कड खालून पोखरली गेली, मुठीएवढं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं आणि तेवढं पाणी लाल झालं.

मला गुहागर आठवलं. जानेवारीत तिथं घड्याळ लावून लाटा मोजल्या होत्या, मिनिटाला ७. दूरवरून आलेल्या, बुटक्या, पसरट. अशा लाटेचं पाणी पुळणीवर वरपर्यंत धावतं, बरंचसं वाळूतच मुरतं. परतीच्या पाण्यात जोर राहत नाही आणि आणलेली वाळू वरच राहते. त्याच पुळणीवर जुलैत मिनिटाला १२ लाटा मोजल्या. उंच, उभ्या, कोसळताना थेट खाली आदळणाऱ्या. भिजून गच्च झालेल्या वाळूत पाणी मुरत नव्हतं, सगळा लोंढा वाळू ओढत मागे जात होता. सुरूची मुळं उघडी पडलेली बघून जीव गलबलला होता. पण ती वाळू फार लांब जात नाही. थोडं आत, पाण्याखाली तिचा बांध तयार होतो, मोठ्या लाटा त्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला बसणारा मार कमी होतो. पावसाळा संपला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

शिवसागराच्या नशिबी ती परत आणणारी लाट नाही. डोंगरांमधलं हे अरुंद पाणी. लांब लाट तयार व्हायला वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी लागतं. इथली लाट नुसती नेते. गेलेली माती तळाशी बसते आणि पाण्याची जागा अडवते. याच जलाशयाचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला, गुहागरच्या जवळच, समुद्राला मिळतं. पाणी पोचतं, माती इथंच अडकते. मला हे फार लागलं.

परतताना एक लाँच वेगात काठाजवळून गेली. तिची लाट आदळली आणि दोन पायऱ्यांच्या कडा एकदम ढासळल्या.

"काका, काठाजवळ जरा हळू घ्या," मी म्हणालो.

त्यांनी इंजिन आधीच मंद केलं होतं.