राज्यपाल नव्हे हो, गव्हर्नर!

दर रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून कराडला फोन, हा आमचा नेम. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत आली की बाबा हमखास अमेरिकेच्या राजकारणावर यायचे. २००५ च्या सुरुवातीला मी त्यांना सांगितलं, "आमचा सिनेटर जॉन कोर्झाइन गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहतोय."

"खासदारकी सोडून राज्यपाल?" बाबा म्हणाले. "तब्येतबिब्येत बरी नाही का त्याची?"

कोर्झाइन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, धडधाकट. पण बाबांचं तरी काय चुकलं? आमच्या घरात राज्यपाल म्हटलं की वसंतदादा आठवतात. १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं आणि त्याच वर्षी राजस्थानच्या राजभवनात गेले. आपल्याकडे राजभवन म्हणजे हिरवळ, मोर आणि शपथविधी. मी म्हटलं, "बाबा, इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, आणि तोही लोकांनी थेट निवडलेला." "मग असं सांग ना, पवारांसारखं," बाबा लगेच म्हणाले. मुंबईच्या दंगलींनंतर १९९३ मध्ये शरद पवार दिल्लीतलं संरक्षण खातं सोडून मुख्यमंत्री म्हणून परत आले होते, ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. फरक इतकाच, की इथे दिल्लीहून कुणी धाडत नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण ठरवायचं, आधी पक्षातली प्राथमिक निवडणूक जिंकायची आणि मग खरी.

पण बाबांचा मूळ प्रश्न राहिलाच. सिनेटमध्ये काय वाईट होतं?

मला तेव्हा मताचा अधिकार नव्हता, नुसतं ग्रीन कार्ड. त्यामुळे मी हे सगळं पाहुण्यासारखी बघत होते. सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह, तिथे शंभर जण. त्यात २००५ साली रिपब्लिकन ५५, म्हणजे कोर्झाइन यांचा डेमोक्रॅटिक पक्ष अल्पमतात. आणि हा माणूस राजकारणात यायच्या आधी गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेचा प्रमुख होता. ज्याच्या सहीनं आयुष्यभर कामं हलली, त्यानं समितीत पाच मिनिटं बोलायला मिळावं म्हणून ताटकळत बसायचं. ज्येष्ठतेच्या रांगेतही मागेच. माझा नवरा म्हणाला, "कंपनीचा मालक सोसायटीच्या कमिटीत बसवल्यासारखं आहे हे."

उलट न्यू जर्सीचा गव्हर्नर! त्या काळी अख्ख्या राज्याच्या मतांवर निवडून येणारा राज्य सरकारातला तो एकमेव माणूस. बऱ्याच राज्यांत लोक अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारीही मतदानानं निवडतात. इथे तो गव्हर्नर नेमतो. न्यायाधीश आणि जिल्ह्यांचे सरकारी वकीलही राज्याच्या सिनेटच्या संमतीनं तोच नेमतो. अंदाजपत्रकातली एखादीच ओळ खोडायचा अधिकारही त्याला.

शिवाय खुर्ची रिकामी होती. आधीचे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही २००४ मध्ये पायउतार झाले होते आणि राज्य सिनेटचे अध्यक्ष रिचर्ड कोडी तात्पुरता कारभार बघत होते. कोडी लोकांना आवडायचे, पण पक्षातले वजनदार लोक आणि पैसा कोर्झाइन यांच्या बाजूला, म्हणून त्यांनी माघार घेतली.

आता यातली खरी गोम सांगते, ती मला फार उशिरा कळली. न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षी होते. कोर्झाइन यांची सिनेटची मुदत होती २००७ च्या जानेवारीपर्यंत. म्हणजे हरले असते, तरी सोमवारी सकाळी वॉशिंग्टनच्या गाडीत बसायला मोकळे. आणि जिंकले, तर आपल्याच रिकाम्या जागेवर माणूस नेमायचा अधिकार नव्या गव्हर्नरचा, म्हणजे त्यांचाच! तसंच झालं. त्यांनी बॉब मेनेंडेझ यांना नेमलं. अलास्कात फ्रँक मर्कोव्स्की यांनी तर २००२ मध्ये याच वाटेनं गव्हर्नर झाल्यावर सिनेटची जागा स्वतःच्या मुलीला दिली. (घराणेशाही फक्त आमच्याकडेच असते असं सांगणाऱ्या ऑफिसातल्या मित्राला मी हे नाव अजून ऐकवते.) चार वर्षांनी मर्कोव्स्की पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत तिसरे आले. जिंकल्या सारा पेलिन.

पुढचा धडा आईबाबांच्या देखत झाला. २००६ च्या उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी आले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात समुद्रकाठच्या अटलांटिक सिटीला, कसिनोंच्या गावी जायचं ठरलं. आईनं वीस डॉलर वेगळे काढून ठेवले, "हरायचे" म्हणून. आणि बातमी आली, की राज्य सरकार बंद! कोर्झाइन यांना विक्रीकर सहावरून सात टक्के करायचा होता आणि विधानसभेतले त्यांच्याच पक्षाचे लोक ऐकेनात. अंदाजपत्रक १ जुलैपर्यंत मंजूर झालं नाही. गव्हर्नरनं सही करून अत्यावश्यक सोडून सगळी सरकारी कामं थांबवली.

हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून आम्ही गेलोच. हॉटेलं उघडी, समुद्र उघडा, लाकडी फळ्यांचा तो लांबलचक बोर्डवॉकही उघडा. पण गावातल्या बाराच्या बारा कसिनोंतला जुगार बंद. कारण कसिनो चालू असताना सरकारी निरीक्षक हजर असावा लागतो आणि निरीक्षक पगाराविना घरी बसले होते. बाबा दोरी लावलेल्या दाराशी उभं राहून आतल्या काळोख्या मशिनींच्या रांगा बघत राहिले.

"एका माणसाच्या सहीनं?"

"हो."

"मग सिनेटर कशाला राहील कुणी?" असं म्हणून ते आईबरोबर खारे दाणे खात बाकावर बसले. आईचे वीस डॉलर वाचले. पुढे तडजोड झाली. कर वाढला आणि वाढीतला अर्धा वाटा घरपट्टीत सवलत द्यायला ठेवायचं ठरलं. आमच्या घरपट्टीच्या कागदावर ती सवलत शोधायला भिंग लागायचं, ते सोडा.

सही एकट्याची, तशा शिव्याही एकट्याला. सिनेटमध्ये फसलेलं विधेयक शंभर जणांत वाटलं जातं. २००८ च्या सुरुवातीला कोर्झाइन यांनी राज्याचं कर्ज फेडायला टर्नपाइक आणि पार्कवे या महामार्गांचा टोल टप्प्याटप्प्यानं भरमसाट वाढवायची योजना मांडली आणि सगळीकडून बोंब उठली. मी रोज टर्नपाइकनं जाणारी, मीही त्यात होते. योजना बारगळली. डिसेंबरात टोल वाढला तो दुसऱ्या, लहान योजनेतून, पण माझ्यासारखीनं दोन्हींचं बिल त्यांच्याच नावावर फाडलं. २००९ मध्ये ते क्रिस क्रिस्टींकडून हरले.

रविवारी फोनवर बाबा पहिलं तेच बोलले. "पडला का गं तुझा राज्यपाल?"

"बाबा, गव्हर्नर!"

"तेच ते. आता परत खासदार होता येईल का त्याला?"

ती खुर्ची त्यांनी स्वतःच मेनेंडेझना देऊन टाकली होती. २०२५ मध्ये कोलोरॅडोचे मायकेल बेनेट, अलाबामाचे टॉमी ट्युबरव्हिल आणि टेनेसीच्या मार्शा ब्लॅकबर्न अशा तीन सिनेटरांनी एकाच वर्षात गव्हर्नरपदासाठी उभं राहणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो दोरी लावलेला दरवाजा आणि त्यासमोर हात मागे बांधून उभे असलेले बाबा.

बाकी २०१२ च्या जानेवारीत टर्नपाइकचा टोल पुन्हा वाढला. तेव्हा गव्हर्नर क्रिस्टी होते, पण वाढ कोर्झाइन यांच्याच काळात मंजूर झालेली.