बोर्डावरच्या फ्लॅशमधून नोंदी काढताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचा लहान कारखाना आहे. तिथल्या भट्टीचे तापमान दर मिनिटाला टिपून ठेवणाऱ्या पेटीत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड असून त्यावर लिनक्स चालते. पावसाळ्यात वीज वारंवार गेल्यावर एक दिवस ती पेटी सुरूच होईना, आणि ग्राहकाला दाखवायच्या आठ महिन्यांच्या नोंदी बोर्डाला डाख दिलेल्या २५६ मेगाबाइटच्या नँड फ्लॅशमध्येच, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपमध्येच होत्या. काकांनी विचारले, "पेटी गेली तर गेली, पण नोंदी निघतील का रे?"

बोर्ड दांडियाबाजारातल्या घरी आणून सिरीयल पिनांना, म्हणजे बोर्डाचे संदेश संगणकावर वाचायच्या पिनांना, ३.३ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर जोडला आणि वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला. लिनक्सच्या आधी चालणारा यू-बूट हा प्रोग्राम व्यवस्थित येत होता; पुढे रूट फाइलसिस्टिम (लिनक्सच्या मूळ फायली) माउंट होताना, म्हणजे वापरासाठी जोडली जाताना, सारे अडत होते. म्हणून यू-बूटवरच थांबून आधी त्यातील एमटीडीपार्ट्सची, म्हणजे फ्लॅशचे विभाग सांगणारी ओळ वहीत उतरवून घेतली, कारण नँडच्या विभागांच्या सीमा डिस्कसारख्या कोष्टकात नसतात, त्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बाहेरून सांगाव्या लागतात. त्या सीमा देऊन, एसडी कार्डावर ठेवलेल्या नव्या कर्नलने बोर्ड सुरू केला.

डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके आज्ञेने फक्त एसडी कार्ड दाखवले, तेव्हा क्षणभर चिप मेली असे वाटले. पण ईएमएमसी या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅश चिपच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो आणि खराब ब्लॉक तोच सांभाळतो. कच्च्या नँडमध्ये तसे काही नसल्यामुळे लिनक्स तिला डिस्क न मानता एमटीडी, म्हणजे कच्च्या फ्लॅशसाठीचे वेगळे उपकरण मानते. /प्रॉक/एमटीडी उघडताच चारही विभाग दिसले, आणि पुसण्याचा ब्लॉक (एका वेळी पुसला जाणारा तुकडा) १,३१,०७२ बाइटचा, म्हणजे १२८ किलोबाइटचा होता. नोंदींचा विभाग शेवटचा, एमटीडी३.

यूबीआयला, म्हणजे कच्च्या नँडवरचे ब्लॉक सांभाळणाऱ्या लिनक्सच्या थराला, हात लावण्याआधी नँडडंप या आज्ञेने त्या विभागाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. ही पायरी मी कुणालाही गाळू देणार नाही, कारण यूबीआय जोडले की ते पार्श्वभूमीत ब्लॉक पुसू आणि हलवू शकते, मग वर फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती का माउंट केलेली असेना.

त्यानंतर यूबीआय जोडणारी यूबीअटॅच आज्ञा चालवली आणि कर्नलने त्रुटी दिली: व्हीआयडी हेडर (ब्लॉक कोणत्या व्हॉल्यूमचा, म्हणजे यूबीआयमधील कोणत्या कप्प्याचा, हे सांगणारी नोंद) २०४८ वर सापडले, अपेक्षित ५१२. यावर संध्याकाळ गेली. नँडमध्ये लिहिणे २०४८ बाइटच्या पानांत होते, आणि पानाच्या लहान भागाला उपपान म्हणतात. जुन्या कर्नलच्या ड्रायव्हरला उपपान माहीत नव्हते, म्हणून त्याने हे हेडर दुसऱ्या पूर्ण पानावर, २०४८ व्या बाइटपासून लिहिले होते. नवा ड्रायव्हर ५१२ बाइटचे उपपान ओळखतो, म्हणून ते पहिल्याच पानात शोधत होता. जुन्या मांडणीत प्रत्येक ब्लॉकमागे दोन पाने हेडरांसाठी जातात आणि १,२६,९७६ बाइट उरतात, नव्या मांडणीत १,२९,०२४. चिपमधील माहिती धडधाकट होती, मोजणीची सुरुवात मात्र जुळत नव्हती. यूबीअटॅचला ओ हा पर्याय देऊन २०४८ सांगितले, आणि यूबीआयची माहिती दाखवणाऱ्या यूबीइन्फोमध्ये 'डेटा' नावाचा व्हॉल्यूम आला. तो यूबीआयएफएस (यूबीआयवर चालणारी फाइलसिस्टिम) म्हणून केवळ वाचण्यासाठी माउंट झाला तेव्हा फायलींची यादी मी दोनदा वाचली.

प्रत्येक दिवसाच्या फायली निघाल्या, फक्त शेवटच्या दिवसाची शून्य बाइटची होती. नोंदणीचा प्रोग्राम लिहिल्यावर एफसिंक (मजकूर लगेच फ्लॅशवर उतरवण्याची सूचना) करत नव्हता, म्हणून वीज गेली तेव्हा त्या दिवसाचा मजकूर फ्लॅशपर्यंत पोहोचलाच नव्हता. तो बदल मी त्याच रात्री केला आणि सकाळी पेनड्राइव्ह काकांच्या हाती दिला.