फॅन फिरतोय म्हणजे ओके?

जुलैतल्या एका शनिवारी मी पीसीचं अख्खं कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोंबिवलीला लोकलच्या लगेज डब्यात चढलो. बाहेर मुसळधार पाऊस, आत माशांच्या पाट्या. एका मावशींनी विचारलं, "टीव्ही हाय का रं?" मी नुसती मान हलवली. तोवर त्याच्यापायी सर्व्हिस सेंटरच्या दोन वाऱ्या झाल्या होत्या आणि कुणाला काही समजावून सांगायची ताकद उरली नव्हती.

पीसी मीच जोडलेला. लॅमिंग्टन रोडवर एक दिवस घालवून भाग आणले, रात्रीत बसवले, पहिल्या बटणाला चालू. आठ महिने कौतुकाचे गेले. मग गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत फट्‌कन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, थेट काळोख. ऑफिसचं काम मात्र दिवसभर बिनबोभाट चालायचं. आई म्हणाली, "त्यालाही कळतंय तू काय करतोस ते."

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं. हे दिसलं की कुणीही म्हणतं, पीएसयू (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला. पण ४१चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं, ते त्यात नसतं. म्हणून आधी बाकीचे संशयित तपासले. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर, चार फेऱ्या, एकही एरर नाही. तापमान ठीक. एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं, तरी तेच. शेवटी मित्राचा पीएसयू लावला आणि तीन तास गेम चालला.

(मित्राचा पीएसयू लावताना केबलीही त्याच्याच लावा. मॉड्युलर पीएसयूच्या (ज्याच्या केबली सुट्या होतात) बाजूचं कनेक्टर दुसऱ्या कंपनीचं असलं तरी कधी कधी बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. हार्ड डिस्क जळू शकते. मी अर्धी केबल लावल्यावर हे आठवलं.)

म्हणजे दोषी सापडला. वॉरंटी पाच वर्षांची. आता काय, द्यायचा आणि बदलून घ्यायचा!

पहिल्या वारीत टोकन घेऊन दीड तास बसलो. नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी. नंतर काउंटरवरच्या मुलाने एक यू-पिन सरळ केली, २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या दोन भोकांत खुपसली आणि स्विच दाबला. पंखा फिरला. "ओके आहे सर." शिक्का. दोन मिनिटांत विषय संपला.

अरे, त्या यू-पिनने पीएसयूला फक्त 'चालू हो' एवढंच कळतं. तो पंखा खाऊन खाऊन किती खाणार, दोन-तीन वॅट? माझं ग्राफिक्स कार्ड एकटं १७० वॅटपर्यंत ओढतं. रिकाम्या टेम्पोचं इंजिन सुरू झालं म्हणजे तो कसारा घाट चढेल, असं म्हणण्यासारखं आहे हे. हे मी त्याला सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तो म्हणाला, "आमच्याकडे टेस्टिंग असंच होतं."

घरी येऊन मल्टीमीटर काढला. पीएसयूच्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरची पिवळी आणि काळी तार. नुसतं चालू असताना १२.० व्होल्ट, गेममध्ये घसरत ११.२, मग काळोख. नियमाप्रमाणे पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. सगळ्याचा व्हिडिओ केला. दुसऱ्या वारीत उत्तर मिळालं, "व्हिडिओ आम्ही बघत नाही." पुन्हा यू-पिन, पुन्हा पंखा, पुन्हा शिक्का. शिवाय अर्धा दिवस रजा.

म्हणून तिसऱ्या वेळी कॅबिनेटच नेलं. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पाठपिशवीत ठेवलं होतं. तुम्हीही तसंच न्या, लोकलच्या धक्क्यांनी मदरबोर्डाचा स्लॉट तुटू शकतो. मॉनिटर त्यांचाच मागितला. आधी नाही म्हणाले. मी खुर्चीवरून उठलोच नाही, मग दिला. कार्ड परत बसवलं, फरमार्क (ग्राफिक्स कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) लावलं आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. रांगेतले चार जणही बघायला आले. चौथ्या मिनिटाला फट्‌!

मुलाने यू-पिन खिशात ठेवली आणि फॉर्म पुढे केला. वादावादी नाही, माफीही नाही. बाविसाव्या दिवशी बदली पीएसयू मिळाला. तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

एक राहिलंच. बिलाचा फोटो घरी आणल्या दिवशीच काढून ठेवा. माझं बिल थर्मल कागदावरचं, आठ महिन्यांत कोरं झालं होतं. मोबाइलमध्ये फोटो नसता तर पहिल्या वारीत यू-पिनपर्यंतही पोचलो नसतो.