नाश्त्याआधी

गेल्या वर्षी जून महिन्यातील एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका बाईंच्या रक्तातील साखर ४६ भरली, आणि ती तेथवर मीच आणून ठेवली होती.

मी इचलकरंजीत फिजिशियन म्हणून काम करतो. यंत्रमागांचे गाव असल्यामुळे येथे घरदार सोडून आलेले कामगार पुष्कळ आहेत आणि त्यांना दोन वेळचे डबे पुरवणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. या बाई त्यांपैकीच एक. वय ५२, घरातच पोळी-भाजी केंद्र, हाताखाली दोन मदतनीस. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मधुमेह सहा वर्षांचा. माझ्याकडे त्या दीड वर्षापासून येत होत्या. त्यांच्या केसपेपरवर गेल्या नऊ महिन्यांतले एचबीएवनसीचे, म्हणजे ज्याला आमचे रुग्ण 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात त्या तपासणीचे, आकडे ओळीने असे होते : ८.०, ८.५, ८.९. त्यांच्या शेजारी माझ्याच अक्षरात ग्लिमेपिराइड या गोळीची वाढत गेलेली मात्रा होती : १ मिलिग्रॅम, २ मिलिग्रॅम, ४ मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी सुरुवातीपासून होतीच. औषध वाढत होते आणि साखरही वाढत होती. या कोड्याचे मला सुचलेले उत्तर मी मार्च महिन्यात केसपेपरवर लिहून ठेवले होते : 'पथ्य पाळत नाहीत. गोळ्या चुकवत असाव्यात.' त्या भेटीत मी त्यांना चांगलेच खडसावले होते. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, काहीही झाले तरी चुकवायची नाही, असे मी दोनदा बजावल्याचे मला पक्के आठवते.

त्या मंगळवारी त्यांना उपाशीपोटी रक्त देण्यासाठी बोलावले होते. उपाशीपोटीच्या तपासणीआधी मधुमेहाची गोळी घ्यायची नसते, ती रक्त दिल्यावर न्याहारीच्या वेळी घ्यायची असते. पण 'काहीही झाले तरी' हे माझेच शब्द असल्यामुळे मावशी सकाळी सहा वाजता गोळी घेऊन, तिच्यावर पाणी पिऊन, घरचे काम अर्धे उरकून आठ वाजता आल्या आणि रांगेत बसल्या. रक्त घेणारा मुलगा त्या दिवशी उशिरा आला. नऊनंतर आमच्या सिस्टर बाकाजवळून जात असताना त्यांना मावशींच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. पंखा डोक्यावरच होता. हाक मारली तर मावशी 'ओ' देत होत्या, पण स्वतःचे नाव सांगायला त्यांना वेळ लागत होता.

बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर पाहिले तेव्हा ४६ मिलिग्रॅम हा आकडा दिसला. ७०च्या खाली गेली की साखर कमी समजतात आणि ५४च्या खाली गेली की मेंदूला इंधन अपुरे पडू लागते. गिळता येत होते हे नशीब. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून दिले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर ६६. परत तेवढेच ग्लुकोज दिले, मग ९४ झाल्यावर पोळी आणि डाळ खायला लावली. एवढ्यावर घरी पाठवण्याची चूक मात्र केली नाही, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल जवळजवळ दिवसभर टिकतो आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. त्यांना संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीत ठेवून घेतले. दुपारी एक वाजता ती खरोखरच पुन्हा ६४ झाली.

मला हलवून सोडले ते मात्र या आकड्यांनी नव्हे. दहाच्या सुमारास त्या नीट भानावर आल्या, तेव्हा मी जरा धास्तावूनच विचारले, की असे याआधी कधी झाले होते का. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांना सकाळ रोज होते का, असे विचारले होते.

"ह्ये तर रोजचंच हाय की डॉक्टर. धा वाजलं की सुरू हुतंय."

त्यानंतरचा अर्धा तास मी बाहेरची रांग विसरून त्यांच्या खाटेशेजारी बसलो आणि दीड वर्षात जे विचारले नव्हते ते विचारले. त्या पहाटे साडेचारला उठतात. आठ किलो कणीक मळली जाते. सहा वाजता गोळी घेतात, कारण चिठ्ठीवर मी 'नाश्त्याआधी' असे लिहिले होते. त्यानंतर आंघोळ, देवपूजा आणि मग तवा. पोटात पहिला घास जातो तो डबे बाहेर पडल्यावर, अकरा वाजता. माझ्या सूचनेत एका अक्षराचीही चूक त्यांनी केली नव्हती. गोळी नाश्त्याआधीच होती, पाच तास आधी.

ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणारे औषध आहे. पोटात अन्न आहे की नाही, याची ते चौकशी करत नाही. सहाच्या गोळीने आठ-नऊपर्यंत इन्सुलिन वाढत जाई, त्यात उभ्याने पोळ्या लाटण्याचे कष्ट, आणि दहाच्या सुमारास छातीत धडधड, हातापायांत कापरे, डोळ्यांपुढे अंधारी. त्यावरचा उपाय मावशींनी स्वतःच शोधला होता : फडताळातल्या डब्यातील गुळाचा मुठीएवढा खडा, तेवढ्याने भागले नाही तर साखर घातलेला कपभर चहा आणि दोन पोळ्या. भीतीने खाणारा माणूस मोजून खात नाही. मग साखर तीनशेच्या घरात जाई आणि दुपारभर तेथेच राही. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींवर बसलेल्या साखरेचा हिशेब. त्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून तो आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ८.९ म्हणजे सरासरी साखर साधारण २०९. त्या सरासरीत सकाळचे पन्नास आणि दुपारचे तीनशे एकमेकांत मिसळून गेले होते, आणि मला दिसत होते ते फक्त औषध पुरे न पडणाऱ्या एका रुग्णाचे चित्र. मी मात्रा वाढवली की दहा वाजताची घसरण आणखी खोल होई, गुळाचा खडा आणखी मोठा होई, पुढच्या वेळचा आकडा आणखी चढा येई, आणि मी पुन्हा मात्रा वाढवी.

बोलता बोलता त्यांनी हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जेथे बांगड्या थांबतात त्याच्या जरा वर, एकाखाली एक असे भाजल्याचे पाच-सहा आडवे डाग मला दिसले. काही जुने, पांढुरके पडलेले. एकावर अजून खपली होती. रक्तदाब मोजण्यासाठी हाच हात मी दर भेटीत हातात घेतला होता आणि हे डाग मला दिसलेही होते. पोळ्या करणाऱ्या बाईच्या हाताला चटके बसायचेच, असे मी गृहीत धरले होते. ते दहा वाजताच्या कापऱ्याचे होते. तव्याची कड मनगटाला लागते ती हात हलला की.

दुपारी त्यांची मुलगी आली. तिच्याकडून जे कळले ते केसपेपरच्या कोणत्याच रकान्यात बसले नसते. आई वर्षभर एकटी कुठे जात नाही. जतजवळच्या माहेरी एसटीने जाणे तिने बंद केले आहे, कारण वाटेत 'तसं' झाले तर काय करायचे. नातवाला कडेवर घेत नाही, मागितला तरी मांडीवरच घेते. सकाळी मदतनीस बायकांवर इतकी खेकसते, की एक जण काम सोडून गेली. घरच्यांना वाटत होते की वयामुळे स्वभाव बदलला. साखर घसरली की चिडचिड होते हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवतो, पण ती चिडचिड कोणाच्या तरी स्वयंपाकघरात रोज दहा वाजता उभी असते, हे तेव्हा लक्षात येत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची एक छोटी प्रश्नावली तोंडी विचारली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या दिवसात आवडीच्या गोष्टी होत्या का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण आणि बेरजेची चौपट, म्हणजे शंभरपैकी. पन्नास किंवा त्याहून कमी आले तर लक्ष द्यावे असा संकेत आहे. पाचव्या वाक्याला मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "पोळ्या लाटणं आवडीचं धरायचं का?" मी म्हटले, तुम्ही सांगाल तसे. त्यांनी ते धरले, तरी एकूण ३२च झाले.

माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की आकड्याचा ध्यास मी काही हवेतून उचललेला नव्हता. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले आणि त्यात एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७.०च्या आसपास ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका एक चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. आमची पिढी तेच शिकत वाढली, आणि ते आजही खरे आहे. पण २००८ साली अ‍ॅकॉर्ड या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली नेऊ पाहणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून त्या गटावरचे कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले, हेही मी वाचले होते. वाचले होते आणि परिषदांमध्ये त्यावर मानही डोलावली होती. सोमवारच्या गर्दीत मात्र केसपेपरवर ८.९ दिसले की हात आपोआप पुढच्या मात्रेकडे जातो.

ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद केले. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासले, ते व्यवस्थित होते. मेटफॉर्मिन चालू ठेवून जोडीला सिटाग्लिप्टिन दिले. हे औषध मुख्यतः जेवणानंतर साखर वाढते तेव्हाच इन्सुलिनला चालना देते, त्यामुळे मेटफॉर्मिनबरोबर घेतल्यास साखर अशी कोसळण्याची भीती फारच थोडी. २०२२ साली त्याचे पेटंट संपल्यावर किमती उतरल्या नसत्या, तर डब्यांवर घर चालवणाऱ्या बाईंना ते लिहून देताना मी दहादा विचार केला असता. शिवाय मी त्यांना सातच्या आत अर्धी भाकरी खायला सांगितले. याला त्यांनी सरळ नकार दिला. लोकांचे डबे जायच्या आधी आपल्या घशाखाली घास उतरत नाही, हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले, की वाद घालण्यात अर्थ नव्हता. एरवी मी तेथे आरोग्याचे व्याख्यान दिले असते. त्या दिवशी मला वाटले, की हिच्या दिवसात बसेल असे औषध शोधणे हे माझे काम आहे, आणि ते माझ्या कपाटातच आहे. शेवटी आठ वाजता वाटीभर मोड आलेली मटकी, तीही उभ्याउभ्या, यावर तडजोड झाली.

दोन आठवडे दिवसातून चारदा साखर मोजायची ठरली. एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात, म्हणून काही पट्ट्या मी दिल्या. नोंदी आल्या त्या डब्यांच्या हिशेबाच्या वहीत, मुलीच्या अक्षरात : डाव्या रकान्यात डबे, उजव्या रकान्यात साखर. १४ डबे, १३२. १५ डबे, ११८. एका रविवारी डबे नव्हते आणि साखर २१० होती. समोर लिहिले होते, 'बारसं. जिलेबी २.' इतकी प्रामाणिक नोंद मला माझ्या शिकलेल्या रुग्णांकडूनही क्वचितच मिळते.

सप्टेंबरात एचबीएवनसी ७.६ आले. गूळ आपोआप सुटला होता, वजन दोन किलोंनी उतरले होते. त्याच पाच प्रश्नांचे गुण ६४ झाले. मुलीने सांगितले, की गौरी-गणपतीच्या आधी आई एकटी एसटीने जतला जाऊन आली. ७.६ हा आकडा पाहून माझ्या मनात पुन्हा सात खुणावू लागले होते, हे कबूल करतो. मावशींनीच विचारले, "अजून कमी कराय पायजे का?" मी त्यांचा हात उलटा करून पाहिला. नवा डाग नव्हता. मी म्हटले, सध्या आहे ते छान आहे, डिसेंबरात पाहू. त्यानुसार डोळ्यांचा पडदा आणि लघवीतील प्रथिने तपासून घेतली आणि औषध तसेच ठेवले.

त्या जूनपासून ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची दुसरी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारतो : सकाळी पहिला घास किती वाजता, आणि अंगाला कापरे सुटून खावेसे वाटते का. सुरुवात केली त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले, वय ७४, एचबीएवनसी ६.१. त्यांच्या त्या आकड्याचे मी रांगेतल्या इतरांसमोर कौतुक करत असे. प्रश्न ऐकून ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, की रात्री तीनच्या सुमारास घामाने सदरा भिजतो, मग उशाशी ठेवलेली दोन बिस्किटे खातो आणि उजाडेपर्यंत जागाच राहतो. पत्नीला कळू नये म्हणून बिस्किटांचा कागद ते चष्म्याच्या घरात ठेवत.

"ते औषधाचं होतं होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, वयाचं असेल."

मी त्यांचा केसपेपर उघडला. गोळीची मात्रा तेथेही माझ्याच अक्षरात होती.