कलाकारालाच हसू फुटतं तेव्हा

फोंड्याला पाऊस लागला की रात्री जेवणं उरकून आई, मी आणि शेजारची काकी टीव्हीवर विनोदी स्किटांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लावून बसतो, २०१८ ला सोनी मराठीवर सुरू झाली तेव्हापासूनचा हा नेम. मला सगळ्यात काय आवडतं सांगू, स्किट रंगात आलं की मध्येच कलाकारालाच हसू फुटतं, तो पाठ फिरवतो, खांदे गदगदा हलतात आणि समोरचा मुद्दाम अजून छळतो. ती मस्ती खरी असते हो! आमच्याकडे देवळातल्या जत्रेच्या नाटकात गावचाच कुणी राजा होऊन वाक्य विसरतो ना, तेव्हा अख्खा मांड, म्हणजे तिथे जमलेला गाव, असाच हसतो, प्रेमाने. काकी तर पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते, मग म्हणते, परत लाव गो.